भरून दिलेल्या बॅटऱ्या

माझ्या जावेबद्दल लिहायचं तर आधी हे सांगून टाकते की तिचं आणि माझं फारसं पटत नाही. ती मोठी, मी धाकटी. तिने बोलायचं आणि मी ऐकायचं, असा आमच्या घराचा कायदा आहे. मी परतवाड्याच्या शाळेत शिकवते. दिवसभर तिथे सगळे माझं ऐकतात आणि संध्याकाळी घरी आले की मी पुन्हा विद्यार्थिनी होते. पण बाई खणखणीत आहे. हे तिच्या तोंडावर म्हटलं तर आठ दिवस तिचा पाय जमिनीला लागायचा नाही, म्हणून इथे लिहिते. तिचं नाव कौशल्या.

आमचं गाव अचलपूरच्या रस्त्यावर. कपाशी, सोयाबीन, थोडीफार संत्री. कौशल्या बाळापूर तालुक्यातली, दहावी शिकून इथे सून म्हणून आली. तिच्या पहिल्याच पावसाळ्यात, ऐन फवारणीच्या दिवसांत, घरचा पंप बंद पडला. तेव्हा पाठीवरचे पंप हाताच्या दांड्याचे असत. आमचे सासरे खुशालराव पंप घेऊन अचलपूरला निघणार होते, चहा घेऊन बाहेर येतात तो नवी सून अंगणात पंप उघडून बसलेली. आतला वायसर झिजला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या, म्हणजे माझे भासरे, थोरले दीर किशोरराव यांच्या लग्नातल्या चपलेच्या टाचेतून गोल रबर कापून त्या जागी बसवलं. पंप सुरू झाला. किशोररावांनी तो हंगाम अनवाणी काढला आणि अजूनही पाहुणे आले की ते ही गोष्ट सांगतात, तक्रार म्हणून सुरू करतात आणि कौतुकावर संपवतात.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याच आठवड्यात रस्त्याकडची समोरची खोली रिकामी केली. "इथंच बस," ते तिला म्हणाले. "लोकाइचे पंप येतीन तुयाकडे."

आले, आणि वर्षानुवर्षं येत राहिले. दांड्याचे पंप गेले, बॅटरीचे आले. आधी शिशाची जड बॅटरी होती, मग हलकी लिथियमची आली. कौशल्या प्रत्येक नवा पंप एकदा उघडून बघायची, दोन शिव्या घालायची आणि शिकून घ्यायची.

पण लिथियमच्या बॅटरीचं एक दुखणं आहे. शिशाची जुनी बॅटरी भंगारवाला हसत हसत नेतो, हिला मात्र हात लावत नाही. फोडायला गेलं तर पेटते. त्यामुळे दर हंगामाला घरोघरी एकेक बॅटरी मरते आणि माळ्यावर जाऊन पडते. आमच्या माळ्यावर तर गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्यांचा ढीग झाला होता. दिवाळीचे डबे ठेवायला जागा नाही, म्हणून मी कुरकुर केली की ती म्हणायची, "मंग टाकू कुठी? नाल्यात? पोट्टे खेळतेत तथी."

नंतर नंतर नवे पंप इतके स्वस्त झाले की लोक दुरुस्तीला येईनासे झाले. समोरच्या खोलीत आठवडा आठवडा कुणी फिरकेना. कौशल्या तिथेच बसायची, स्क्रूड्रायव्हर पुसायची, ठेवायची, पुन्हा पुसायची. आणि बोलायची कमी झाली. आता खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घर नुसतं खायला उठायचं.

अशात गेल्या पावसाळ्यात अमरावतीला बचत गटांच्या बायकांची एक बैठक झाली. कौशल्या आमच्या गटाची अध्यक्ष, तिने मला सोबत ओढून नेलं. तिथे चारुता नावाची एक तरुण मुलगी बोलली. ती अकोल्याची, वकिलांच्या घरातली, शिकून इंजिनिअर झालेली. जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत काढणाऱ्या कारखान्यात ती काम करते. तिने सोप्या भाषेत सांगितलं की गाड्या, फोन, पंप सगळं आता बॅटरीवर चाललं आहे, आणि त्या बॅटरीला लागणारं लिथियम, कोबाल्ट, निकेल आपल्याला बाहेरच्या देशांतून आणावं लागतं. उद्या त्यांनी हात आखडता घेतला तर आपण अडकलो. म्हणून सरकारने मोठी मोहीम काढली आहे. नव्या खाणी शोधायच्या, बाहेर खाणी मिळवायच्या, आणि जे आधीच देशात आलं आहे ते वाया जाऊ द्यायचं नाही. "खाण खोदून धातू हाती यायला कित्येक वर्षं जातात," ती म्हणाली. "जुनी बॅटरी मात्र आजच हातात आहे. फक्त ती कुठे पडली आहे ते आम्हाला माहीत नाही."

कौशल्या उभी राहिली. "म्याडम, हे सारं आमच्या माळ्यावर पडून आहे. तुमी गाडी केव्हा पाठोता?"

सगळ्या हसल्या. चारुता हसली नाही. बैठक संपल्यावर ती आमच्याकडे आली, बराच वेळ बोलली आणि पुढच्या महिन्यात गावात येऊन कौशल्याची खोली बघूनही गेली. ठरलं ते असं. कारखान्याला या भागात एकच कायमचं संकलन केंद्र काढायचं होतं आणि आणखी एका तालुक्यातूनही मागणी होती. दिवाळीआधी एकदा गाडी आमच्या गावात येईल. पहिला माल सुरक्षित निघाला आणि कारखान्यात पसंत पडला, तर केंद्र कौशल्याच्या खोलीत. तिला काम आणि गटातल्या बायकांनाही. नाहीतर केंद्र तिकडे.

"ड्रम परत आले की समजायचं, झालं," चारुता म्हणाली. तिने झाकणाचे निळे ड्रम पाठवले, तळाशी कोरडी वाळू घातलेले.

तेव्हापासून माझी जाऊ पुन्हा बोलायला लागली. भुलाबाईचे दिवस होते. त्या दिवसांत गाणी म्हणायला बायका आणि मुली घरोघर जातातच. कौशल्याही जायची, आणि गाणी संपून खिरापत वाटली जायच्या आधी मध्येच उभी राहून भाषण ठोकायची. तुमच्या घरची मेलेली बॅटरी देशाच्या कामी येणार आहे, भंगार म्हणून नका पाहू तिच्याकडे, असं तिचं म्हणणं. आता मागे वळून पाहिलं की कळतं, घोळ त्या भाषणातच झाला होता.

आमच्या गावात एक रीत आहे. शेजारणीने डब्यात काही पाठवलं तर डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर मूठभर गहू, चिमूटभर साखर, पण रिकामा नाही. शेजारच्या पार्वताबाई आणि आम्ही यांच्यामध्ये एक पितळी डबा इतकी वर्षं जा-ये करतो आहे की तो मुळात कुणाचा हे आता कुणालाच सांगता येणार नाही. थांबवावा तरी कसा? ज्याच्या घरी तो असतो त्याच्यावर भरून पाठवायची पाळी असते.

कोजागिरी झाली. गाडी यायच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. बॅटऱ्या एका घरात साठवायच्या नाहीत म्हणून कौशल्याने माळ्यावरच्या ज्याच्या त्याला परत केल्या होत्या आणि सगळ्यांना त्याच सकाळी आणायला सांगितलं होतं. माणसं आली ती काय सांगू. इस्त्रीचे शर्ट, ठेवणीतली लुगडी. बॅटऱ्या पुसून लख्ख केलेल्या, दोन-तीनवर तर हळदीकुंकूही. कौशल्या दारात उभी राहून एकेकाच्या हातून बॅटरी घेत होती आणि मामाजी खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेबद्दल सांगत होते. शेजारच्या गावातूनही लोक आले. ड्रम काठोकाठ भरायला आले.

दुपारच्या आधी गाडी आली. चारुताने हातमोजे घातले, मीटर काढलं आणि पहिल्या ड्रममधली एक बॅटरी तपासली. मग दुसरी. मग दुसऱ्या ड्रममधली. तिचा चेहरा उतरत गेला.

"काकू, या सगळ्या चार्ज केलेल्या आहेत," ती म्हणाली. "पूर्ण."

कौशल्याला कळेना. "मेलेल्या बॅटऱ्या, चार्ज कशा असतीन?"

"मेलेली बॅटरीही थोडं धरते. कुणीतरी लावून ठेवल्या आहेत. का केलं असं?"

मग पार्वताबाई पुढे झाल्या, नाकातली नथ सावरत. "काहून म्हणजे? देशाले द्याची म्हणे. मंग रिकामी कशी द्याव बाई? मी दोन दिस लावून ठेवली." त्या मागे वळल्या. "साऱ्याइले मीच सांगतलं, भरून न्या म्हणून."

मागचे सगळे माना डोलावत होते. कुणाला यात काही वावगं झालं असं वाटतच नव्हतं. उलट, आपण किती नीट वागलो हे शहरातल्या बाईला कळलं म्हणून ते खूश होते.

चारुता ओरडली नाही, हे तिचं मोठेपण. "काकू, यातली एकही मी गाडीत चढवू शकत नाही," ती म्हणाली. "जुनी बॅटरी रिकामी असली की शांत असते. भरलेली असली आणि खड्ड्यात आदळून आतून फुटली तर पेटते, आणि एक पेटली की तिच्यामुळे सगळ्या. मनोजभाऊंना मी अशा गाडीवर बसवणार नाही." मनोज म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. तो आधीच गाडीपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला होता.

"रिकाम्या होईलोक थांबता का?" कौशल्याने विचारलं.

"अंधार पडल्यावर हा माल चढवत नाहीत. नियम आहे. आणि उद्या मला दुसऱ्या तालुक्यात जायचं आहे."

मी कौशल्याकडे पाहिलं. ती ओट्यावर बसली होती, हात मांडीवर, स्क्रूड्रायव्हर पुसायची तेव्हा बसायची तशीच. आता पार्वताबाईंची खैर नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांना चार शब्द सुनवायचे होते. पण ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माही आहे. बॅटरी आणा म्हणून मी सांगतलं. कशी आणाची, ते नाई सांगतलं."

एवढं बोलून तिने पदर खोचला. माझ्या जावेने पदर खोचला की घरातले आम्ही सगळे आपोआप उभे राहतो.

"ज्या पंपातून निंगाल्या, त्याच पंपात घाला," ती म्हणाली. "पाणी भरा अन् मारत राहा, मोटर बंद पडेलोक. म्याडम, चालन का?"

चारुताने मान डोलावली, पण तिच्या अटी होत्या. फुगलेल्या किंवा तडकलेल्या बॅटऱ्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या तिने स्वतः निवडून वाळूच्या वेगळ्या ड्रममध्ये ठेवल्या. कौशल्याचीही एक अट होती. पंपांना औषधाचा वास असतो, म्हणून आधी ते धुवायचे, आणि गावात नाही, आमच्या सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात जायचं.

तासाभरात अख्खं गाव पाठीवर पंप घेऊन वावरात उभं होतं. बायका, पुरुष, सरपंचसुद्धा. मला पार्वताबाईंची बॅटरी मिळाली, कारण त्यांना पंप उचलवत नव्हता आणि दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांचा पंप माळ्यावर अडगळीत होता, म्हणून ती आमच्याच एका पंपात घातली. किशोरराव टँकरने पाणी आणत होते. आम्ही एका रांगेत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, या बांधापासून त्या बांधापर्यंत, चालत होतो आणि रिकाम्या जमिनीवर साधं पाणी फवारत होतो. ऑक्टोबरचं ऊन होतं, त्यामुळे अंगावर येणारे तुषार बरे वाटत होते. हसू सगळ्यांनाच येत होतं, पण जो तो मोटरीच्या आवाजाकडे कान लावून होता.

रस्त्यावरून एस.टी. गेली, तिच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. थोड्या वेळाने पलीकडच्या गावचे पंजाबराव मोटारसायकल दामटत आले. आमच्याकडे एक गाव फवारायला लागलं की दुसऱ्या गावाला झोप येत नाही.

"कोनती कीड आली हो?" त्यांनी मामाजींना विचारलं.

"कीड नाई. पाणी मारून राहिले."

"पाणी काहून?"

"बॅटऱ्या रिकाम्या कराच्या आहेत."

पंजाबरावांचा विश्वास बसेना. आपल्यापासून औषधाचं नाव लपवताहेत असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्या पंपाचं नोझल हातावर धरलं, वास घेतला, जिभेला लावणार तेवढ्यात मामाजींनी त्यांचा हात खाली ओढला आणि बैठकीपासून सगळं सांगितलं. ते ऐकून पंजाबराव आले तसेच परत गेले आणि घरातल्या दोन जुन्या बॅटऱ्या आणि पंप घेऊन पुन्हा आले. रांगेत माझ्या शेजारी उभे राहिले.

म्हाताऱ्या बॅटऱ्या त्या, फार टिकल्या नाहीत. एकेक मोटर घरघरायची आणि बंद व्हायची. बंद पडली की चारुता मीटर लावायची, मान डोलवायची, बॅटरी ड्रममध्ये जायची आणि पुढची पंपात. ऊन कलायला लागलं तेव्हा बहुतेक ड्रम भरून गाडीत चढले होते. मनोज आता गाडीला टेकून उभा होता.

माझ्या पाठीवरचा पंप मात्र थांबेना. एकदा पाणी भरलं, दोनदा भरलं, पाठ मोडून आली. वावरात मी एकटीच फवारत होते आणि सगळं गाव धुऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होतं. पार्वताबाई सर्वांत पुढे.

"ती एक राहू दे," चारुता म्हणाली. "गाडी काढायला हवी."

"माहीच काहून राहू देता?" पार्वताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. साऱ्या गावाची घेतली आणि आपलीच नाकारली, असं त्यांना वाटत होतं.

कौशल्या माझ्याजवळ आली. तिने पंपाच्या अंगाला हात लावला, मोटरीचा आवाज ऐकला, मग पार्वताबाईंच्या घरचा पंप मागवून उघडला. आत बटणाची तार तुटलेली होती.

"बॅटरी मेलीच नोती," ती म्हणाली. "तार तुटली होती. ही जिती आहे, पार्वताबाई. जितीले कशी देऊ?"

दोन वर्षं माळ्यावर पडली होती ती बॅटरी, सगळ्यांनी बिनकामाची ठरवलेली. मी पंप खाली उतरवला आणि समोरच्या खोलीत गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेली माझी जाऊ मला आठवली. डोळ्यांत पाणी आलं. घाम पुसतेय असं दाखवून मी ते पुसलं.

सूर्य टेकायच्या आत गाडी निघाली. शेवटच्या ड्रमचं झाकण पार्वताबाईंच्या हातून लावून घेतलं, तेव्हा त्यांची समजूत पटली.

त्यानंतर दिवाळी आली आणि गेली. कौशल्याने चकल्या केल्या, शेव केली, बोललीही भरपूर, पण रस्त्यावर गाडी वाजली की तिचं बोलणं मध्येच तुटायचं. ड्रम आले नाहीत. घोळ चारुताने डोळ्यांनी पाहिला होता, केंद्र कशाला देतील, असं किशोरराव एकदा म्हणाले. कौशल्या त्यांना म्हणाली, "येतीन."

भाऊबीज होऊन आठवडा लोटला आणि एका सकाळी मनोजची गाडी दारात येऊन थांबली. त्याने निळे ड्रम उतरवायला सुरुवात केली. आवाज ऐकून पार्वताबाई आल्या, गल्ली जमली. कौशल्या हात बांधून उभी. पहिल्या ड्रमचं झाकण तिनेच काढलं. आत नवी कोरडी वाळू, हातमोजे, एक नवं मीटर आणि कापडात गुंडाळलेली पाटी होती. बॅटरी संकलन केंद्र, आणि खाली तिचं पूर्ण नाव. बाकीच्या ड्रममध्येही काही ना काही होतं. शेवटच्यात कापसात ठेवलेली काचेची एक सीलबंद बाटली निघाली, आत काळी भुकटी.

"हे तुमच्या बॅटऱ्यांतून निघालं," मनोज म्हणाला. "यातूनच ते धातू काढतात. म्याडमनी सांगितलं, उघडू नका, नुसती ठेवा."

मामाजींनी बाटली उन्हात धरून निरखली. "आपल्या वावराची माती दिसून राहिली," ते म्हणाले आणि ती सुनेच्या हातात दिली.

पार्वताबाई एकेका ड्रममध्ये वाकून बघत फिरल्या. सगळे बघून झाले तेव्हा त्या कौशल्याजवळ आल्या. "पाह्य," त्या म्हणाल्या, "एकही रिकामा नाई पाठोला. त्याइच्या घरीबी रीत आहे."

माझी जाऊ बाटली दोन्ही हातांत धरून उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला बोलता येईना, म्हणून तिच्या वतीने मीच पार्वताबाईंना हो म्हटलं.